विंडोज १० चा सपोर्ट संपला, पार्टिशनची घाई सुरू झाली: डेटा न गमावता हार्ड डिस्कची वाटणी कशी करायची?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत सपोर्ट थांबवला. २९ जुलै २०१५ ला आलेली ही सिस्टीम दहा वर्षं घरांत, दुकानांत, ई-सेवा केंद्रांत चालली आणि अजूनही चालतेच आहे. सपोर्ट संपला म्हणून लॅपटॉप बंद पडत नाही. फक्त नवीन सापडलेली सुरक्षेची भोकं बुजवणारे अपडेट येणं थांबतं. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. तीही आपोआप मिळत नाही, नोंदणी करावी लागते.

मग विंडोज ११ का नाही टाकायचं? कारण त्याला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१६-१७ ला घेतलेला, अजून धडधाकट चालणारा आय-फाइव्ह लॅपटॉप या यादीत बसत नाही. नवा लॅपटॉप घ्यायला सगळ्यांकडे पैसे नाहीत. त्यामुळे गेल्या काही महिन्यांत मला येणारे प्रश्न बदललेत. आधी विचारायचे, "विंडोज ११ कसं टाकू?" आता विचारतात, "विंडोजच्या शेजारी लिनक्स टाकायचंय, माझं डी ड्राइव्हमधलं जाईल का?"

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिनक्समध्ये नाही, पार्टिशनमध्ये आहे. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो. पार्टिशन बदलताना सॉफ्टवेअरने दगा दिला म्हणून डेटा गेला, असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा बॅकअप नसतो, नाहीतर एन्क्रिप्शनची चावी दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये असते, नाहीतर माणूस घाईत चुकीच्या ओळीवर क्लिक करतो. तिन्ही गोष्टी काम सुरू करायच्या आधी हातात असतात.

हे काम मेकॅनिकचं, असं आता राहिलं नाही

पार्टिशन म्हटलं की आपल्याला कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा आठवतो. पण जानेवारी २०२४ मध्ये काय झालं बघा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी५०३४४४१ नावाचा सुरक्षा अपडेट सोडला. डिस्कच्या कोपऱ्यात एक छोटं रिकव्हरी पार्टिशन असतं, त्याच्यात हा अपडेट बसायचा होता आणि त्यासाठी तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य मशीनवर ती नव्हती. लोकांना ०एक्स८००७०६४३ हा एरर दिसायला लागला, अपडेट परत परत फेल. कंपनीने उपाय म्हणून काय दिलं? रिकव्हरी पार्टिशन हाताने मोठं करायच्या सूचना. कमांड प्रॉम्प्ट उघडा, मुख्य पार्टिशन २५० एमबीने लहान करा, रिकव्हरीचं पार्टिशन काढून पुन्हा बनवा. पुढे त्यांनी हेही सांगितलं की विंडोज १० साठी हे आपोआप दुरुस्त करणारा अपडेट येणार नाही.

घरी बसून सिनेमे बघणाऱ्या माणसाला पार्टिशन लहान-मोठं करायला सांगणं म्हणजे कमालच आहे. पण सांगितलं हे खरं. म्हणून हे काम आतून कसं चालतं ते माहीत असलेलं बरं.

सातबारा आणि शेत

पार्टिशन या शब्दाला आपल्याकडे सरळ शब्द आहे, वाटणी. आणि गावाकडच्या माणसाला वाटणी समजवायला लागत नाही.

हार्ड डिस्क म्हणजे एक मोठं शेत धरा. सी, डी, ई हे त्याचे तुकडे. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीला एका छोट्या तक्त्यात असते, त्याला पार्टिशन टेबल म्हणतात. हा झाला सातबारा. प्रत्यक्ष फाइली म्हणजे शेतातलं उभं पीक. पार्टिशन डिलीट केलं की आधी फक्त सातबाऱ्यावरची नोंद खोडली जाते, पीक तसंच उभं असतं. म्हणूनच जुन्या हार्ड डिस्कवर चुकून डिलीट झालेलं पार्टिशन बरेचदा परत मिळतं.

एसएसडीवर मात्र गोष्ट वेगळी. तिथे पार्टिशन फॉरमॅट केलं की सिस्टीम एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप पाठवते, "ही जागा आता वापरात नाही". मग एसएसडी आपल्या सवडीने ती जागा आतून साफ करते. नोंद खोडली आणि मागोमाग ट्रॅक्टर फिरला. त्यामुळे "डिलीट झालं तरी रिकव्हरी सॉफ्टवेअरने आणू" हा हार्ड डिस्कच्या काळातला भरवसा एसएसडीवर ठेवू नका.

सातबारा दोन प्रकारचा असतो. जुना एमबीआर, १९८३ च्या आयबीएमच्या पीसी डॉस २.० पासूनचा. त्यात चारच मुख्य नोंदी मावतात आणि नेहमीच्या डिस्कवर साधारण २ टीबीच्या पुढची जागा त्याला मोजताच येत नाही. नवा जीपीटी, त्यात विंडोज १२८ पर्यंत नोंदी ठेवते आणि या टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. एक खराब झाली तर दुसरी आहे. २०१७ च्या आसपास विंडोज १० सकट आलेला लॅपटॉप बहुधा जीपीटी असतो, पण नंतर कोणी जुन्या पद्धतीने विंडोज टाकून दिली असेल तर एमबीआरही निघू शकतो.

जाता जाता, तुमच्या फोनमध्येही हेच चालू असतं. १२८ जीबीचा फोन घेतला आणि पहिल्या दिवशीच वीसेक जीबी गायब, ही तक्रार सगळ्यांची असते. त्यातली काही जागा सिस्टीमच्या पार्टिशनमध्ये गेलेली असते. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून तर बऱ्याच फोनमध्ये सिस्टीमची दोन पार्टिशन असतात. एकावर फोन चालू असतो, अपडेट दुसऱ्यावर बसतो आणि रीस्टार्ट झाला की फोन तिकडे उडी मारतो. तुम्हाला हात लावू देत नाहीत म्हणून ते सुरक्षित. लॅपटॉपवर हात लावू देतात.

"डी ड्राइव्हला ठेवलंय की"

माझं गाव वळसंग, सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर, दक्षिण सोलापूर तालुक्यात. सपोर्ट संपला त्याच्या पुढच्याच आठवड्यात दिवाळी होती. घरात एक सॉफ्टवेअर इंजिनिअर आला की त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवायचा, ही आता दिवाळीची रीतच झालीय. चुलत भावाने त्याचा आणला. सातव्या पिढीचा आय-थ्री, १ टीबीची फिरणारी हार्ड डिस्क. दुकानदाराने सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह पाडून दिलेले. आपल्याकडे ही जुनी पद्धत आहे. त्याला कॉलेजसाठी लिनक्स हवं होतं.

मी म्हटलं, आधी बॅकअप. तो म्हणाला, "दादा, सगळं डी ड्राइव्हला ठेवलंय की. तिथं काय होतंय?"

हा गैरसमज इतका पक्का आहे की त्याच्यावर थोडं थांबतो. डी ड्राइव्ह म्हणजे वेगळी डिस्क नाही. त्याच शेतातला बांधापलीकडचा तुकडा आहे. सी फॉरमॅट करून विंडोज परत टाकली तर डी वाचतो, म्हणून लोकांना तो तिजोरीसारखा वाटतो. पण डिस्कच खराब झाली, लॅपटॉप पडला, चोरीला गेला किंवा कोणी पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय दाबला, तर चारही ड्राइव्ह एकदम जातात. बॅकअप म्हणजे दुसऱ्या वस्तूवर ठेवलेली प्रत. दुसऱ्या तुकड्यावर ठेवलेली नाही.

त्याच्या ई ड्राइव्हमध्ये काकांनी स्कॅन करून ठेवलेली जमिनीची कागदपत्रं होती आणि ताईच्या लग्नाचा व्हिडिओ. दुसरी प्रत कुठेच नाही. काका चहा पिता पिता एवढंच म्हणाले, "लग्नाचं तेवढं जाऊ देऊ नको बाबा." मित्राची बाहेरची हार्ड डिस्क मागवली आणि कॉपी लावून दिली.

किती वेळ लागतो याचा अंदाज असू द्या. यूएसबी ३ च्या पोर्टवर सेकंदाला साधारण १०० एमबी धरले तर २०० जीबीला अर्ध्या तासाहून थोडं जास्त. जुन्या यूएसबी २ च्या पोर्टवर सेकंदाला ३० एमबी धरले तर जवळपास दोन तास. हजारो छोटे फोटो असतील तर दोन्हीकडे जास्तच. कॉपी झाली की नुसतं "झालं" म्हणू नका. बॅकअपवरून दोन-चार फाइली उघडून बघा, मोठा व्हिडिओ शेवटाकडे सरकवून चालतो का बघा. आणि मुख्य काम सुरू करायच्या आधी बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा. इन्स्टॉलरच्या यादीत ती दिसली तर तिच्यावरच क्लिक व्हायची भीती असते.

याच वेळी डिस्कची तब्येतही बघून घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात "गुड" दिसलं तर पुढे जा. "कॉशन" दिसलं, पेंडिंग किंवा रीअलोकेटेड सेक्टरच्या ओळी पिवळ्या झाल्या, तर पार्टिशनचा विचार सोडा. ती डिस्क मरणाच्या दारात असू शकते आणि पार्टिशन हलवणं म्हणजे तिला एका दमात सगळं वाचायला-लिहायला लावणं. डेटा काढा, डिस्क बदला.

चावी कोणाच्या खिशात आहे?

ही गोष्ट पाच-सात वर्षांपूर्वी सांगावी लागत नव्हती. आता आधी सांगावी लागते.

विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने टाकली आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं, तर बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. होम आवृत्तीत याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात, प्रोमध्ये बिटलॉकर. विंडोज १० च्या काही लॅपटॉपवरही हे चालू असतं. गोष्ट चांगलीच आहे, लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला फाइली वाचता येत नाहीत. पण पार्टिशन किंवा बूटची व्यवस्था बदलली की विंडोजला संशय येतो आणि निळ्या पडद्यावर ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. की नसेल तर चोरात आणि तुमच्यात तिला फरक कळत नाही. डेटा डिस्कवरच असतो, तुमच्यासमोर असतो, आणि उघडत नाही. रिकव्हरीवालाही काही करू शकत नाही.

की कुठे असते? ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला, त्या अकाउंटमध्ये. आता आठवा, तुमचा लॅपटॉप पहिल्यांदा कोणी सुरू करून दिला होता? बरेचदा दुकानातल्या माणसाने, त्याच्याच ईमेलने, "नंतर बदलून घ्या" म्हणून. मग नंतर कोणी बदलत नाही.

म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर चालू आहे का ते बघा. चालू असेल तर आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर ती की दिसते का ते तपासा आणि कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका, उपयोग नाही. की सापडत नसेल पण लॅपटॉप आत्ता उघडतोय, तर एन्क्रिप्शन बंद करा. पूर्ण उलगडायला काही तास लागू शकतात, लागू द्या. ते संपेपर्यंत पार्टिशनला हात नको.

बांध सरकवताना

आता प्रत्यक्ष काम. विंडोजचा ड्राइव्ह लहान करायचा असेल तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटने करा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत सापडतं. बाहेरची चकचकीत पार्टिशन सॉफ्टवेअरं मी टाळतो. वाईट असतात म्हणून नाही, एवढ्या कामाला त्यांची गरजच नसते, आणि फुकट आवृत्ती ऐन वेळी पैसे मागते.

आधी त्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्समधून एरर चेक चालवा. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. किती जागा काढायची ती एमबीमध्ये विचारतात. १०० जीबी हवे असतील तर १०२४००. लिनक्स मिंटला किमान २० जीबी लागतात, पण ते स्वतःच १०० जीबी सुचवतात आणि माझाही अनुभव तोच आहे. चाळीस-पन्नास दिले की सहा महिन्यांत परत बांध सरकवायची वेळ येते.

इथे बहुतेक जण अडकतात. सी ड्राइव्हमध्ये १२० जीबी मोकळे दिसतात आणि श्रिंकची खिडकी म्हणते फक्त ९ जीबी काढता येतील. डिस्क खोटं बोलत नाहीये. विंडोज ड्राइव्हच्या शेवटच्या बाजूने जागा कापते, आणि शेवटाजवळ एखादी न हलणारी फाइल बसली असेल तर बांध तिथेच अडतो. कापायच्या पट्ट्यात मधोमध विहीर असावी तसं. या विहिरी ठरलेल्या आहेत: हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, सिस्टीम रीस्टोरच्या प्रती. हायबरनेशन, व्हर्च्युअल मेमरी आणि सिस्टीम प्रोटेक्शन तात्पुरतं बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा बघा. आकडा बऱ्याचदा वाढतो. सिस्टीम प्रोटेक्शन बंद करून जुने रीस्टोर पॉइंट पुसले तर ते परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. काम झालं की सगळं परत चालू करा.

त्याहून सोपी युक्ती म्हणजे सी ला हातच न लावणं. डी किंवा ई मध्ये जागा असेल तर तो लहान करा, तिथे या विहिरी सहसा नसतात. भावाच्या लॅपटॉपवर मी ई मधून १०० जीबी काढले, दोन मिनिटांत झालं.

फास्ट स्टार्टअपही बंद करा, आणि लिनक्स वापरणार असाल तर कायमचं. ते चालू असताना तुम्ही शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपते. त्या अवस्थेत लिनक्समधून तिच्या ड्राइव्हवर काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात.

आता उलट अडचण. सी ड्राइव्ह भरलाय, डी लहान करून ती जागा सी ला द्यायचीय. डी लहान होतो, मोकळी जागा दिसते, पण सी वर एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकं, दाबता येत नाही. कारण विंडोजचं हे साधन फक्त लगतची, उजवीकडची जागा जोडतं. डी कापला तर जागा डी च्या उजवीकडे निघते. सी आणि ती जागा यांच्या मध्ये डी चं अख्खं शेत. कधी मध्ये रिकव्हरीचा छोटा पट्टा असतो. मग लोक जीपार्टेडसारखं साधन घेऊन डी पूर्णच उजवीकडे सरकवतात. हे काम करतं, मीही केलंय. पण या सगळ्यात खरी जोखीम असलेली पायरी हीच आहे. श्रिंकमध्ये थोड्या फाइली हलतात. इथे पार्टिशनमधला सगळा डेटा एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवला जातो, त्याला तास लागतात, आणि मध्येच लाईट गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आठ वर्षांच्या लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही आणि गावात लाईट कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर नसेल तर हे करू नका. सी भरला असेल तर फोटो-व्हिडिओ डी वर हलवा, डाउनलोड्स रिकामं करा. दहातल्या आठ जणांचं काम तिथेच होतं.

एमबीआर डिस्क असेल तर आणखी एक सापळा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये खाली डिस्कच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, व्हॉल्यूम्स, तिथे पार्टिशन स्टाइल कळते. चार मुख्य नोंदी आधीच भरल्या असतील आणि तुम्ही पाचवं बनवायला गेलात तर विंडोज विचारते, डायनॅमिक डिस्क करू का? लोक सवयीने येस दाबतात. त्या खिडकीत लिहिलेलं असतं की यानंतर या डिस्कवरच्या दुसऱ्या सिस्टीम सुरू होणार नाहीत. नो दाबा. डायनॅमिकमधून परत यायला विंडोजच्या साधनांनी सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात.

इन्स्टॉलरची एक ओळ

मोकळी जागा तयार झाली, पेन ड्राइव्हवरून मिंट किंवा उबुंटू सुरू झालं. आता एक पडदा येतो. त्यावर पूर्ण डिस्क पुसून टाका असाही पर्याय असतो आणि तो नीटनेटका, सोपा दिसतो. तो अख्ख्या डिस्कचा आहे, फक्त विंडोजचा नाही. चारही ड्राइव्ह. "समथिंग एल्स" घ्या, तुम्ही काढलेल्या मोकळ्या जागेची ओळ शोधा आणि तिथेच नवीन पार्टिशन बनवा. ईएफआय नावाचं साधारण १०० ते ५०० एमबीचं पार्टिशन दिसेल, ते दोघांनी मिळून वापरायचं असतं. फॉरमॅटची खूण तिथे नको.

या यादीत सी, डी अशी नावं नसतात. एसडीए३, एसडीए४ अशी असतात. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्येही "ड्राइव्ह ०, पार्टिशन ४" असंच. दुकानदाराने चारही ड्राइव्ह सारखे पाडलेले असले की ओळखायचं कसं? म्हणून आधीच फोनवर डिस्क मॅनेजमेंटचा फोटो काढून ठेवा, आकार आणि क्रम दोन्ही दिसतात. आणि १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसली तर घाबरू नका. कंपनी हजारने मोजते, विंडोज १०२४ ने.

दोन सिस्टीम शेजारी ठेवल्या की पुढेही कुरबुरी होतात. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने कित्येकांच्या मशीनवरचं लिनक्स सुरूच होईना. सिक्युअर बूटचा जुना बूटलोडर रोखायचा एक नियम त्या अपडेटने लावला, आणि दोन सिस्टीम असलेली काही मशीन त्याला ओळखता आली नाहीत. दुरुस्ती मे २०२५ मध्ये आली. डेटा गेला नव्हता, पण ज्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती त्याला हे सांगून काय उपयोग?

म्हणूनच कोणी मला विचारलं तर माझा पहिला सल्ला वाटणी न करण्याचा असतो. जुनी हार्ड डिस्क काढा, तिच्या जागी एसएसडी बसवा, नवी सिस्टीम तिच्यावर. जुनी डिस्क यूएसबीच्या डबीत घाला, झाला बॅकअप, एकाही पार्टिशनला हात न लावता. लॅपटॉपही दुप्पट वेगाने चालल्यासारखा वाटतो. सध्या मेमरीचे भाव चढे आहेत हे मान्य, पण नव्या लॅपटॉपपेक्षा स्वस्तच. तेवढेही नसतील आणि विंडोज १० वरच राहायचं असेल तर सेटिंग्जच्या विंडोज अपडेट पानावरून वाढीव मुदतीची नोंदणी करा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्याला पैसे पडत नाहीत. ऑक्टोबर २०२६ पर्यंत शांतपणे विचार करायला वेळ मिळतो.

आणि तरीही चुकीचं बटण दाबलं गेलं तर

पहिलं काम, थांबा. नवीन पार्टिशन बनवू नका, फॉरमॅट करू का विचारलं तर नाही म्हणा, त्या डिस्कवर रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा टाकू नका. लॅपटॉप बंद करा. फिरणारी हार्ड डिस्क असेल आणि फक्त नोंद खोडली गेली असेल तर टेस्टडिस्क हे फुकट साधन बरेचदा जुने बांध शोधून सातबारा परत लिहितं. ते पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समधून चालवा. त्याच्याच सोबत येणारं फोटोरेक एकेक फाइल उचलून आणतं, पण मूळ नावं आणि फोल्डर जातात. हजार फोटो आकड्यांच्या नावाने एका ढिगात मिळतात. ढीग ठेवायला दुसरी डिस्क लागते.

एसएसडी असेल तर तिला वीज मिळत राहू देऊ नका, कारण नुसती चालू असतानाही ती आतली साफसफाई करत असते. रिकव्हरीवाल्याकडे नेलं तर आधी विचारा की एसएसडीवर ट्रिम झालं असेल तर ते काय करणार. गोलमोल उत्तर आलं तर आगाऊ पैसे देऊ नका. तोवर घरातले सगळे फोन काढा: गूगल फोटोज, व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पा, ज्याला कधी काळी व्हिडिओ पाठवला होता तो मामेभाऊ. माझ्या माहितीतल्या एका घरी लॅपटॉपवरून गेलेले बारशाचे फोटो शेवटी आत्याच्या जुन्या फोनच्या मेमरी कार्डवर सापडले.